माघारीच्या दिवशीचे उघडे दार

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात माझ्या दुकानात होतो. सुनंदा ही अप्पांची धाकटी सून. "भावजी, अप्पा गेले... ओसरीवर बसून चहा मागितला, मी घेऊन आले तर..." दुधनीच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावी मी पोहोचलो, तोवर अप्पांना त्याच ओसरीवर भिंतीला टेकवून बसवले होते. आमच्याकडे मृताला बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात. कपाळी विभूती, गळ्यात हार आणि शेजारी त्यांचे ते लाकडी बाकडे. मला वाटले, त्या निवडणुकीत, माघारीच्या दिवशी हा माणूस असाच तर बसला होता...

अप्पा नात्याने माझे चुलत चुलते. दुधनीच्या बाजारात तुरीची आडत, घरात कन्नड, दारात मराठी, आणि दोन्हींत सारखाच मिश्कीलपणा. आमच्या गावाला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता : ग्रामपंचायतीची निवडणूक कायम बिनविरोध. मठात बैठक बसायची, पंच नावे ठरवायचे, विभूती हातावर घेऊन शब्द दिला जायचा. मतपेटी गावात येतच नसे. वीसेक वर्षांपूर्वी बैठकीत माझे नाव निघाले. सरपंचपदही मलाच द्यायचे ठरले. मी फेटा बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी समजले, माझ्याच वॉर्डातून अप्पांनी अर्ज भरला आहे.

अर्ज भरलेला माणूस माघारीच्या दिवशी, म्हणजे अर्ज काढून घ्यायच्या शेवटच्या दिवशी, मनधरणी टाळायला सहसा घरी सापडत नाही. कुणी पाहुण्यांकडे जातो, कुणी थेट गाणगापूर गाठतो. अप्पांनी मात्र दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, चहाचे आधण ठेवायला सांगितले आणि बाकड्यावर बसून राहिले. पंच आले.

"अप्पा, घरातलाच पोरगा हाय की! भाऊबंदकीचं नाक कापायचं ठरवलंय काय?"

"नाक शाबूत हाय. तुमी चहा घ्या," अप्पा म्हणाले. "मी पडनार हाय, मला ठाऊक हाय. पडू द्या की. पर लोकास्नी इचारून पाडा."

शेवटी मी स्वतः गेलो. आवाज न चढवता म्हणालो, "अप्पा, माझ्यासाठी तरी..."

"तम्मा, तुझ्यासाठीच तर बसलोय." धाकट्याला प्रेमाने हाक मारायचा तो कन्नड शब्द त्या दिवशी मला टोमण्यासारखा लागला. पुढे केलेली कपबशी तशीच ठेवून मी उठलो.

मग मला मते मागत फिरणे भाग पडले. ओढ्यापलीकडची गल्ली माझ्याच वॉर्डात येते. पण तिथल्या एकाही घराची पायरी मी तोवर चढलो नव्हतो. एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "आमचं मत लागतंय व्हय आता? ह्या गल्लीत आजवर कुनी वाट चुकून बी आलं न्हाय." मागे विजेचा खांब होता, त्यावर दिवा नव्हता. बिनविरोध निवडून आलो असतो, तर हा खांब मला कधी दिसलाच नसता, हे कबूल करायला मला पुढे बराच काळ लागला.

मी जिंकलो. अप्पा पडले, आणि हार घेऊन सर्वांत आधी तेच आले. "आता निवडून आलास, तम्मा. मठातनं नुसता नेमलेला हुतास." त्यानंतर माझ्या कारकिर्दीतल्या प्रत्येक ग्रामसभेत ते पुढच्या रांगेत मांडी घालून बसत. ओढ्यापलीकडचा दिवा लागला की नाही, झालेल्या ठरावाचे पुढे काय झाले, असे विचारत; आणि आम्ही उत्तर दिले की मागे वळून बायकांना ते कन्नडमध्ये सांगत. मी त्रासिक चेहरा केला, तर हसून म्हणत, "मी पडलेला उमेदवार. मला इचारायला टाइम लई हाय."

आज स्वतःकडे पाहतो तेव्हा जाणवते, भांडण नको म्हणून मतदान नको, असे आम्ही म्हणत होतो. खरे तर आम्हाला प्रश्न नको होते. गप्प बसलेल्या माणसांना आम्ही एकमत समजलो. अप्पांनी हे मला कधी उपदेश म्हणून ऐकवले नाही. ते माझ्याविरुद्ध उभे राहिले, एवढेच. इतके मोठे प्रेम माझ्यावर दुसऱ्या कुणी केल्याचे आठवत नाही...

त्यांना जाऊन महिना उलटला आणि निवडणूक लागली. मठात पुन्हा बैठक झाली. या खेपेला नाव माझ्या पुतण्याचे. त्याच्याविरुद्ध सुनंदाने अर्ज भरला. पंचांनी मला बोलावून घेतले. "तुमचा शब्द ती मोडायची न्हाय. तेवढा अर्ज काढून घ्यायला सांगा."

मी माघारीच्या दिवशी गेलो. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या. सुनंदाने पदर सावरला. "भावजी, सांगायला आलाव?"

"पाठवलंय सांगायलाच," मी म्हणालो. "आधी चहा टाक."

बाकड्याची एक बाजू वर्षानुवर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झाली आहे. ती मोकळी ठेवून मी दुसऱ्या टोकाला बसलो. चहा आला, या वेळी मी कपबशी तशीच ठेवली नाही. थोड्या वेळाने पंचांची जीप दाराशी थांबली. खिडकीतून प्रश्न आला, "काय म्हनतीय?"

"या, चहा घ्या," मी म्हणालो, आणि अर्ज काढून घ्यायची मुदत टळेपर्यंत तिथून हललो नाही.