नासकं पाणी

"पिंप कुणी धुतलं, आबा?"

"मी. मेल्या उंदरासारखा वास मारत होतं. ब्लीचिंग पावडर टाकून असं घासलंय, तोंड बघून घे त्यात."

सुनेनं तोंड बघितलं नाही. आत हात घालून बोटं नाकाशी नेली. कालपर्यंत ताकासारखा आंबूस वास होता, आता दवाखान्याचा येत होता. पिंपातले जंतू झाडून मेले होते.

वरच्या अंगाला भांड्यांना मुलामा देणारा कारखाना. त्याचं पाणी झिरपत त्यांच्या मासे पाळायच्या तळ्यात यायचं. गेल्या साली माशांच्या अंगात धातू निघाला आणि अख्खं तळं उपसून मासे खड्ड्यात पुरावे लागले. मग मत्स्य खात्यातल्या बाईंनी हे जंतू दिले. गुळाच्या पाण्यात वाढवायचे, खाद्याला चोळायचे. माशाच्या पोटात बसून ते धातू धरतात आणि घाणीवाटे बाहेर काढतात. मात्र खंड पडू द्यायचा नाही, हे बाईंनी तीनदा बजावलं होतं. माशांचा नमुना तपासणीला न्यायला माणूस सहा दिवसांनी येणार होता.

पुढच्या पिंपाला लावायच्या विरजणाची बाटली ती दर खेपेला बाजूला काढायची. या खेपेला ती बाटली शेजारच्या तळेवाल्या जावेला दिली होती. जावेनं 'नासकं पाणी' म्हणून गल्लीभर तिचं हसं केलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

तरी ती गेली. दारातच उभी राहिली, काय झालं ते एका दमात सांगून टाकलं.

"नासकं पाणी परत न्यायला आलीस होय?" जाऊ म्हणाली.

तिला मान खाली घालणं जिवावर आलं होतं, पण घातली.

जाऊ तिला मागच्या पडवीत घेऊन गेली. पोत्याखाली झाकलेली बादली होती. झाकण काढलं तसा फेस फसफसला. बाटली मिळाल्यापासून जाऊ गुपचूप हेच वाढवून माशांना घालत होती.

"एवढंच आहे. माझाही नमुना त्याच दिवशी जायचाय," जाऊ म्हणाली. झाकण पुन्हा लावायला घेतलं. मग मापानं मोजून अर्धं कळशीत ओतलं. "गल्लीत बोलशील तर बघ."

"मी कशाला बोलू? तूच बोलतेस."

घरी आली तेव्हा आबा ओशाळून कोपऱ्यात बसले होते. ब्लीचिंग जावं म्हणून पिंप दहादा धुऊन उन्हात पालथं घातलं होतं. तिनं कळशी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी फळीवर ठेवली, वाटीभर विरजण वेगळं काढलं. उरलेल्यात आजचं खाद्य भागेल, उद्याचं मात्र नव्या पिंपात विरजण लागलं तर. माशांच्या अंगात किती धातू राहिलाय, ते सहा दिवसांनीच कळणार होतं.

पदर खोचून ती घमेल्याशी बसली आणि खाद्य चोळायला लागली.