मी खोटी वाचलेली बातमी

सातवीत शाळा सुटली, पुढे लातूरकडचं गावही सुटलं. बोईसरला कारखान्यात पॅकिंगला लागले तेव्हा राहायला जागा मिळेना. जवळच्या दांडी गावातल्या एका कोळीण मावशीने डिपॉझिट न घेता खोली दिली. तिचे उपकार फार आहेत, म्हणूनच हे लिहायला जड जातं.

मावशी सुके बोंबील वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून विकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण नियम एक होता : वाचल्याशिवाय पान पुडीला लावायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ती बोंबील निवडायची, मी वाचायची.

एकदा पानावर म्हाताऱ्या बाईचा फोटो आला. कुठल्याशा दूरच्या देशातली, तिथल्या लोकसभेत निवडून गेलेली पहिली बाई. नुकतीच वारली होती. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा अधिकाऱ्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला, मी खुशीने पद सोडते असा. तिने सही केली नाही. कित्येक वर्षं तुरुंगात काढली.

कागद पुढे ठेवला इथवर मोठ्याने वाचलं होतं; पुढचं मनात वाचलं आणि थांबले. त्याच आठवड्यात आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईचा हात केमिकलने भाजला होता. डोंगरातल्या पाड्यावरून येणारी ती. मला काम तिनेच शिकवलेलं. हातमोजे कुणालाच दिलेले नव्हते. पण सुपरवायझरने आम्हा सगळ्यांपुढे कागद केला : मोजे दिले होते, तिनेच घातले नाहीत. काम जाईल म्हणून मी सही केली. त्या कागदाच्या आधारावर तिला काढून टाकलं.

"गप का झालीस? वाच ना."

"शेवटी तिने सही केली," मी वाचलं. "घाबरली. मग सोडून दिलं तिला."

मावशीने फोटोवर बोट ठेवलं. "सई केली तर हिचा फोटू कशाला छापलाय? घाबरनाऱ्यांचं फोटू छापायला लागलं तर पेपर पुरायचा नाय!"

ती हसली. मला रडू फुटलं. सगळं सांगितलं, बातमीतलं आणि कारखान्यातलंही.

बोंबील बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला वाचता येत नाय म्हनून फसवलंस व्हय गं?" आणि मग, "तिच्याकडं जा. मी नाय येनार संगती."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीआधी तिच्या पाड्यावर गेले. तिचा उजवा हात कापडात गुंडाळलेला, तरी "ये बाय" म्हणत ती डाव्या हाताने पाणी आणायला उठली. मी सही केल्याचं सांगितलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "बाकीच्यांचं आंगठं हायेत. तू तर वाचून केलीस."

तिथेच वहीचं पान मागून लिहिलं, मोजे दिले नव्हते. खाली सही केली आणि कागद ऑफिसात दिला. तिला अजून कामावर घेतलेलं नाही. मला काढलेलंही नाही. रोज सकाळी गेटमधून आत जाताना मला त्याचीच लाज वाटते.