चित्राच्या पाठीवर

माझे भावोजी चित्रांना फ्रेमा करतात. दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीला पट्ट्यांचे नमुने टांगलेले, टेबलावर काच कापायची हिऱ्याची कलम, कोपरे जुळवायची करवत आणि सरसाचा डबा. या खोलीत बसून त्यांनी माणसं जेवढी ओळखली, तेवढी मी दर रविवारी विनोदी सदर लिहूनही ओळखलेली नाहीत. खरं सांगायचं तर त्या सदरातले निम्मे विनोद त्यांचेच असायचे. लोक माझी पाठ थोपटायचे आणि मी थोपटून घ्यायचो.

“अरे, चित्र कुणी बघत नाही,” ते पट्टी घासता घासता म्हणायचे. “भिंतीला ओल आली की माणसाला कला आठवते.” किंवा, “साधीशीच फ्रेम करा म्हणणारं गिऱ्हाईक सोनेरीच पट्टी उचलतं. आणि बापाचा फोटो मोठा कधी करतात? बाप गेल्यावर. असताना त्याला पासपोर्टच्या आकारात ठेवतात.” मी हसायचो, आणि घरी गेल्या गेल्या लिहून काढायचो.

त्यांची एक खोड मात्र मला उशिरा कळली. चित्र काचेत बसवलं की मागचा पुठ्ठा लावण्याआधी ते चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनं एक ओळ लिहायचे. मग पुठ्ठा, त्यावर खाकी कागद, चारी कडांना सरस. काम संपलं. फ्रेम फोडल्याशिवाय ती ओळ कुणाला दिसायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तोंडावर बोललो तर गिऱ्हाईक जाईल, आणि नाही बोललो तर माझं पोट दुखेल. कुठे बोलू नकोस हां.” मी मान डोलावली.

त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे आमचे सर. मलाही त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हातात ब्रश धरला. दर शनिवारी दुपारी दुकानात येऊन स्टुलावर बसायचे, आणि वर्षातून एखाद-दोनदा नवं चित्र फ्रेमला आणायचे. दोघांचा चहा व्हायचा, भांडण व्हायचं, पुन्हा चहा व्हायचा. सर खोदून खोदून विचारायचे, “कसं झालंय?” भावोजी म्हणायचे, “काच छान बसलीय.” तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ताई, म्हणजे माझी बहीण, याच मतावर पंचवीस वर्षं जळफळते आहे.

एका आठवड्यात मला विषयच सुचेना. रविवार तर तोंडावर आलेला. मी त्या पेन्सिलीवर लेख लिहून टाकला. नाव नाही घातलं, पण गावात फ्रेमा करणारा एकच. तेव्हा वाटलं, वाचतील, हसतील, विसरतील. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी उचलली लेखणी.

सोमवारी घरोघरी पुठ्ठे फाटले. काहींनी हसण्यावारी नेलं. सरांनी मात्र तीन चित्रं उघडली. पहिल्यावर होतं, “नदी सरांनी वर्गावर रागावून काढलेली दिसते.” दुसऱ्यावर, “सर म्हणाले गाय आहे, म्हणून गाय.” तिसऱ्यावर, “आकाश उत्तम. बाकीच्या जागेतही आकाशच काढलं असतं तर बरं झालं असतं.”

ते टेम्पोत अकराच्या अकरा फ्रेमा घालून दुकानात आले. मी तिथेच होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. “इतकी वर्षं मी विचारत होतो,” एवढंच म्हणाले आणि गेले. स्टुलावर बसलेदेखील नाहीत.

भावोजींनी मला सुनावायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी सरांनी न उघडलेल्या आठांतली एक फ्रेम उचलली, स्वतःच्या हातानं खाकी कागद फाडला आणि चित्र माझ्यापुढे धरलं. पुढे एक झाड होतं, पाठीवर लिहिलेलं, “या झाडाखाली जाऊन बसावंसं वाटतं. एकदा सरांना सांगायला पाहिजे.”

“तूच घेऊन जा,” ते म्हणाले. “मला बघून ते दार लावून घेतील.”

मी गेलो. सरांच्या खोलीतल्या भिंतींवर नुसते खिळे उरले होते. ब्रश धुऊन, जुन्या कापडात बांधून कपाटावर टाकलेले. सरांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, जमलं.

“हे कधी लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“तेव्हाच सर. फ्रेम केली तेव्हा.”

“की लेख आल्यावर?”

“शप्पथ, सर! माझ्यासमोर फाडला त्यांनी कागद.”

“पेन्सिलीच्या अक्षरावर तारीख नसते रे.” त्यांनी चित्र हळूच माझ्या हातात दिलं. “तुला निबंधात मी नेहमी दहापैकी नऊ द्यायचो, आठवतं? तू मनानं रचून छान लिहायचास. चहा घेतोस?”

चहा नको म्हणून मी चित्र घेऊन निघालो. खरं बोलत होतो, पण माझ्या तोंडून ते खरं वाटेल अशी सोयच मी ठेवली नव्हती. एका रविवारच्या हशासाठी मी दोघा म्हाताऱ्यांचा शनिवार घालवला.

दुकानाच्या दारात भावोजी उभेच होते. “काय म्हणाले?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “खूप आवडलं म्हणाले. खाकी कागद पुन्हा लावून ठेवा, न्यायला येतो म्हणाले.”

भावोजींचा चेहरा उजळला. ते आत वळले आणि फडक्यानं स्टूल पुसू लागले.

याला चार महिने झाले. दर शनिवारी ते पट्ट्यांचे नवे नमुने काढून ठेवतात आणि मला विचारतात, “येतो म्हणाले ना रे नक्की?”

मी म्हणतो, “म्हणाले.”