सत्तेचाळिसावं तिकीट

जळगावहून सुरतेची पॅसेंजर सुटली तेव्हा आमच्या डब्यात एक सुतकी माणूस होता आणि एक लग्नघरातला. दोघेही एकाच कामासाठी निघाले होते. दोघांच्या मध्ये मला बसावं लागलं होतं, कारण शेजारीशेजारी बसले की ते भांडत.

सुतकी माणूस म्हणजे आमचे यजमान, मुकुंदराव. दंडाला काळी फीत, चेहरा उतरलेला. दुसरे त्यांचे पोस्टातले सहकारी वाणीसाहेब. त्यांच्या मांडीवर किलोभर पेढ्यांचा डबा. दोघांनाही रेल्वेचं वेड, पण पंथ वेगळे. यजमानांना लहानलहान कंपन्यांच्या गाड्या आवडतात आणि त्यांची तिकिटं जमवायचा नाद आहे. वाणीसाहेबांना मोठी रेल्वे, मोठी इंजिनं आणि वेळापत्रक लागतं. सुरतेजवळ एका खासगी कंपनीची एक बापुगाडी (लहान रुळांची गाडी) होती. मोठी रेल्वे ती दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ताब्यात घेणार होती. एकाला ही मयत वाटत होती, दुसऱ्याला बारसं. मला सुरतेची घारी (तुपात बुडवलेली मिठाई) खायची होती म्हणून मी शाळेतून चार दिवसांची रजा काढली होती.

अमळनेरला एक बाई चढल्या. त्यांनी काळी फीत पाहिली आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं. "अजून गेली नाही," यजमान म्हणाले. "उद्या दुपारी बारा वाजता जाणार." बाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात वाणीसाहेबांनी डबा उघडून त्यांच्यापुढे पेढा धरला आणि आनंदाची बातमी आहे, घ्या, म्हणाले. बाईंनी एकदा एकाकडे पाहिलं, एकदा दुसऱ्याकडे आणि आपलं गाठोडं उचलून त्या पलीकडच्या बाकावर गेल्या. नंदुरबारपर्यंत त्या माझ्याकडे दयेनं बघत होत्या.

सुरतेत आमचा मुक्काम लिंबायतेला, माझा मामेभाऊ दगाभाऊ याच्याकडे होता. तो यंत्रमागावर कामाला. सगळी गल्ली खानदेशातलीच, घराघरात अहिराणी, आणि भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. आम्ही रिक्षातून उतरलो आणि दगाभाऊची नजर थेट फितीवर गेली. "दाजी, संप शे का? कोनती मिल?" त्यानं विचारलं. यजमानांनी काही बोलायच्या आत शेजारचे चारपाच कामगार जमले. काळी फीत म्हणजे मालकाशी भांडण, एवढाच अर्थ त्यांना माहीत. एकानं तर आपल्या पोराला फडकं फाडून फिती करायला घरात पिटाळलं. यजमानांनी शेवटी सांगितलं की फीत एका आगगाडीसाठी आहे. मग दगाभाऊनं मला बाजूला घेऊन विचारलं, दाजींची झोप होते ना नीट.

रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना मी त्याला सगळं समजावून सांगितलं. यजमानांकडे देशातल्या बहुतेक लहान गाड्यांचं एकेक तिकीट होतं, या गाडीचं तेवढं नव्हतं. एरवी प्रवास संपला की ते तिकीट घेणाऱ्याला हात जोडून मागत आणि तो बिचारा देऊन टाकी. या कंपनीला मात्र त्यांनी तीन पत्रं लिहिली, तिन्हींना एकच उत्तर आलं. वापरलेलं तिकीट कंपनीची मालमत्ता आहे, ते परत मिळत नाही. आणि आता कंपनीच जाणार होती.

"मंग दोन लेवाना," दगाभाऊ म्हणाला. "एक दी देवानं, एक खिसामा."

हाच सल्ला मी जळगावला दिला होता. तेव्हा यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं, की मी त्यांना पाकीट मारायला सांगतेय. ज्यावर प्रवास झाला नाही ते तिकीट नव्हेच, नुसता पुठ्ठा, असं त्यांचं म्हणणं. दोन्हींवर करा की प्रवास, असंही मी सुचवलं होतं. एका माणसाचे एकाच गाडीत दोन प्रवास होत नाहीत, असं उत्तर मिळालं. दगाभाऊनं यावर आणखी एक भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बापुगाडीत बसलो. जानेवारीची थंडी होती. डब्यात लांबीच्या बाजूनं समोरासमोर दोन बाकं आणि मधे जागा इतकी कमी की समोरच्या म्हाताऱ्याची वांग्यांची टोपली अर्धी त्याच्या मांडीवर, अर्धी माझ्या. उसाची पाती खिडकीतून आत येऊन कानाला लागत होती. यजमान हातातल्या घड्याळाकडे बघत रुळांचे सांधे मोजत होते आणि त्यांचा चेहरा इतका खुलला होता की फीत शोभेनाशी झाली. वाणीसाहेब मात्र दर स्टेशनावर उतरून गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते मोठ्यानं सांगत. उद्यापासून असं चालायचं नाही, हेही सांगत. गार्डनं येऊन आमच्या तिकिटांना चिमट्यानं भोक पाडलं. यजमानांनी ते भोक उजेडाला धरून मला दाखवलं. छान गोल होतं.

दहाच्या सुमाराला गाडी शेवटच्या स्टेशनात, वडपाड्याला थांबली. एक खोली, एक घड्याळ, लाकडी कठडा आणि त्यात एक फाटक. फाटकात मगनभाई उभे. तेच स्टेशनमास्तर, तेच तिकीट घेणारे आणि सिग्नलही तेच ओढत. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, टोपीवर कंपनीचा पितळी बिल्ला. पन्नाशी उलटलेले, किडकिडीत. उतारू रांगेनं तिकीट देऊन बाहेर पडत होते. वाणीसाहेबांनी दिलं, मीही विचार न करता दिलं. बाहेर येऊन वळून पाहिलं तर यजमान आतच.

त्यांनी हात जोडले, नेहमीचं भाषण केलं. मगनभाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "टिकिट आपो." यजमान म्हणाले, मी स्टेशनातून बाहेर पडलोच नाही तर तिकीट द्यायची वेळ येत नाही. मगनभाई म्हणाले, मग प्लॅटफॉर्म तिकीट लागेल. ते बाहेरच्या खिडकीवर मिळतं. यजमानांनी मला खूण केली. मी खिडकीकडे गेले, तर मगनभाई फाटकाला कडी लावून, खोलीतून फिरून खिडकीत आले. अगदी अनोळखी चेहऱ्यानं त्यांनी मला प्लॅटफॉर्म तिकीट दिलं, परत फाटकात गेले आणि ते तपासून यजमानांच्या हातात जाऊ दिलं. यजमान खूश झाले. मग मगनभाईंनी शांतपणे सांगितलं की प्लॅटफॉर्म तिकीट गाडीनं न आलेल्या माणसासाठी असतं. गाडीनं आलेल्यानं आधी गाडीचं तिकीट द्यायचं.

यजमानांनी आता शेवटचा पत्ता टाकला. बारा वाजता कंपनी संपेल. मग हे तिकीट मागायचा अधिकार कुणाला? मगनभाईंनी यावर खरोखर विचार केला. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बार वाग्या पछी कोईनो नहीं," ते म्हणाले (बारानंतर कुणाचाच नाही). "पण बार वाग्या सुधी मारो." (बारा वाजेपर्यंत माझा.) मग त्यांनी खोलीतून खुर्ची आणली, फाटकात मांडली आणि यजमानांच्या बाकाकडे तोंड करून बसले. दोघे एकमेकांकडे बघत बसले. बारा वाजायला दोन तास होते.

वडपाड्याला बघण्यासारखं बाकी काही नव्हतं, त्यामुळे गाव कठड्याशी जमायला लागलं. मी झाडाखालच्या एका बाईकडून पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) घेतला, त्यावर तिखट शेव आणि लिंबू. एक द्रोण कठड्यावरून यजमानांना दिला आणि एक मगनभाईंना. त्यांना आधी तो लाच वाटला. मी म्हणाले, मी तर तिकीट देऊन मोकळी झाले आहे, मला तुमच्याकडून काय हवंय. तेव्हा त्यांनी घेतला. खाताखाता ते बोलते झाले.

एकतीस वर्षं ते याच फाटकात होते. रोज जमा झालेली तिकिटं दोऱ्यानं बांधायची, खाकी कागदात गुंडाळायची, वर लाखेचा शिक्का मारायचा आणि हेड ऑफिसला पाठवायची. किती उतारू येणार ते गार्ड चिठ्ठीवर लिहून देई, तितकी तिकिटं पुडक्यात असायलाच हवीत. एकतीस वर्षांत एकदाही कमी भरलं नव्हतं. एकदा एका नवरदेवाचं तिकीट वाटेत उडालं, तर मगनभाई त्याच्याबरोबर रुळांवरून दीड मैल चालत गेले आणि बोरीच्या झाडातून ते काढून आणलं. वरात तोवर थांबून होती. आज चिठ्ठीवर सत्तेचाळीस उतारू होते. हातात शेहेचाळीस तिकिटं.

"छेल्लुं पडीकुं छे, बेन," ते म्हणाले. शेवटचं पुडकं आहे. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

मी माझा द्रोण बाजूला ठेवला. एकीकडे नवऱ्याचं एवढ्या वर्षांचं वेड, दुसरीकडे हा माणूस. मी कठड्याशी जाऊन यजमानांना सगळं सांगितलं. रेल्वेबद्दल कुणी काही सांगितलं आणि ते गप्प बसले, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात वाणीसाहेब धावत आले. मोठ्या रेल्वेच्या साहेबांच्या स्वागतासाठी त्यांनी रस्त्यावर उभं राहून डोक्यावर धूळ घेतली होती. आपलं मनगटी घड्याळ नाचवत त्यांनी जाहीर केलं, बारा वाजले, कंपनी संपली, मुकुंदराव तुम्ही जिंकलात. गावकऱ्यांत दोनचार टाळ्या पडल्या. पण मगनभाई खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. स्टेशनच्या घड्याळात बाराला बारा मिनिटं कमी होती.

वाणीसाहेब म्हणाले, ते घड्याळ मागे आहे. रेडिओच्या वेळेप्रमाणे बारा म्हणजे बारा. मगनभाई म्हणाले, या गाडीला एकतीस वर्षं हेच घड्याळ आहे. यावर गावात दोन तट पडले. शेवटी सगळ्यांनी यजमानांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या मनगटावरही बारा वाजलेले होते. फाटक उघडून ते सरळ चालत गेले असते तरी कुणी त्यांना बोल लावला नसता.

यजमान उठले. दंडावरची फीत सारखी केली.

"वाणी," ते म्हणाले, "मी कंपनीचा माणूस आहे. घड्याळ कंपनीचं."

मग फाटकाशी येऊन त्यांनी खिशातून तिकीट काढलं, एकदा उलटसुलट पाहिलं आणि मगनभाईंच्या हातावर ठेवलं. "पुडकं पुरं होऊ द्या," म्हणाले. मला रडू आलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी आपण रडतोय याचा रागही आला.

मगनभाईंनी कठड्यावरच तिकिटं मांडली, मोजली आणि यजमानांचं सगळ्यात वर ठेवून दोरा बांधला. खाकी कागद गुंडाळला, मेणबत्तीवर लाख वितळवली, शिक्का दाबला. घड्याळात बारा वाजले तेव्हा ते टोपीवरचा बिल्ला काढत होते.

साहेब साडेबाराला जीपमधून आले. तरुण, घाईत असलेला माणूस. पेढा पुढे केल्यावर, गोड चालत नाही, म्हणाला. त्यानं किल्ल्या घेतल्या, चार सह्या केल्या आणि टेबलावरचं पुडकं पाहून विचारलं, हे काय. आजची तिकिटं, हेड ऑफिसला जायची आहेत, मगनभाईंनी सांगितलं. साहेब म्हणाला, कुठलं हेड ऑफिस? आता या रद्दीचा कुणाला उपयोग? टाकून द्या.

मगनभाईंनी विचारलं, टाकून म्हणजे कुठे. कुठेही, असं म्हणून साहेब जीपकडे वळला. जीप गेल्यावरही मगनभाई पुडकं हातात धरून बराच वेळ उभे होते. एकतीस वर्षांत तिकीट टाकायची वेळ न आल्यामुळे त्या स्टेशनात कचऱ्याची पेटीच नव्हती. मग ते फाटकातून बाहेर आले, आम्ही झाडाखाली बसलो होतो तिथे, आणि पुडकं यजमानांच्या मांडीवर ठेवलं.

"साहेबे नाखी देवानुं कह्युं छे," ते म्हणाले (साहेबांनी टाकून द्यायला सांगितलंय).

पेढ्यांचा डबा मग तिथेच उघडला. आम्ही आणि मगनभाई मिळून अर्धा संपवला, उरलेला गावानं. वाणीसाहेबांनी तीन पेढे खाऊन मान्य केलं की गाडी अगदीच वाईट नव्हती.

परतीच्या गाडीत यजमान पुडकं मांडीवर घेऊन बसले होते आणि चलथाणला साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात भरला तरी त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. मी सोबत घारीचा डबा आणला होता. मला वाटलं, घरी पोचताच दोरा सुटेल आणि ते आपलं तिकीट काढून घेतील. पोचलो, चहा झाला, आठवडा गेला. पुडकं तसंच. मी विचारलं तर म्हणाले, मगनभाईंचा शिक्का आहे, तो मी कसा तोडू?

त्याला आता बरीच वर्षं झाली. ते आमच्या कपाटात आहे, तसंच बंद. ज्या तिकिटासाठी आम्ही सुरत गाठली, ते त्यानंतर कुणी पाहिलेलं नाही. एका दुपारी हे पोस्टात असताना मीच मेणबत्ती पेटवून लाख सैल करायला बसले होते. मग विझवली आणि पुडकं पुसून जागेवर ठेवलं.

मागे नाशिकचे एक तिकिटं जमवणारे गृहस्थ मुद्दाम ते बघायला आले. यजमानांनी पुडकं दाखवलं आणि आत आहे म्हणाले. गृहस्थांनी ते कानाशी हलवून पाहिलं, वास घेतला, उघडून दाखवायची विनवणी केली. यजमान नाही म्हणाले. पाहुण्यांना ते पटलेलं दिसलं नाही. निघताना जिन्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, खरं सांगा, आत आहे का ते?"

"आहे," मी म्हणाले. "वरून पहिलंच."