वकीलसाहेबांची पोत

देवमन पटव्याच्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो मोडायची हिंमत अमरावतीच्या सराफ्यात कुणाची नव्हती. मंगळसूत्राची पोत रेशमात गाठवायला दिली, की ती पुरी होईपर्यंत बाईनं ओट्यावरून उठायचं नाही. गळा मोकळा नको म्हणून हळकुंडाचा दोरा घालून गुमान बसायचं. लग्नानंतर दरवर्षी मी त्या ओट्यावर बसले आहे. एकदा तर घरी चुलीवर दूध ठेवून आल्याची आठवण झाली तरी.

देवमन अंगानं बेताचा, पण तोरा पहिलवानाचा. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून ताणायचा, आणि बोटं चालायला लागली की तोंडही चालायचं. "पटव्याले गाठ कोन शिकवते?" हे त्याचं पालुपद. त्याची बायको जमुना आतल्या दारात बसून शिवणटिपण करी. तिला बोलायची पाळी क्वचितच येई.

अठ्ठावन्न साली आमच्या ह्यांनी, म्हणजे मोरोपंत वकिलांनी, एका गोऱ्या इंजिनिअराच्या सामानाच्या लिलावातून मासे धरायची काठी आणली. आमच्या घरात मासा ताटात तर सोडाच, बोलण्यातही येत नसे. हे वडाळीच्या तलावावर जायचे, मासा धरायचे, त्याला नीट न्याहाळायचे आणि 'निर्दोष मुक्तता' म्हणून पाण्यात सोडायचे. काठी मात्र खरंच देखणी होती. बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेली, दोरी ओवायच्या कड्या जागोजागी लाल रेशमाच्या वेढ्यांनी बसवलेल्या, प्रत्येक वेढ्याला काळी बारीक किनार. फक्त रेशीम कुजून सुटायला लागलं होतं.

"देवमनकडे न्या," असं मीच म्हटलं. माझीच जीभ. मग मीही सोबत गेले.

देवमननं काठीचे सुटे भाग जोडून घेतले, कड्या एका रेषेत यायला हव्यात म्हणून. नऊ फूट काठी आणि दुकान चार फुटांचं. टोक गल्लीत गेलं. त्यानं सगळे जुने वेढे सपासप कापले आणि यांच्याकडे बघितलं.

"बसा, वकीलसायेब."

"मी? मी संध्याकाळी येईन."

"एकदा सुटलं का पुरं होईस्तोवर मालक उठत नाई. बाईंले विचारा."

मी खाली मान घालून हसू दाबलं. वकीलसाहेब बसले. शिवाय काठी फिरवायचं कामही त्यांच्याच हाती आलं. "फिरवा. थांबा. अजून फिरवा." गल्लीतून जाणारे वाकून जायला लागले. एका म्हातारीनं विचारलं, "काय गाठवून राहिला रे, देवमन?"

"वकीलसायबाची पोत!"

सगळा सराफा हसला. देवमनला चेव आला. "अंधाराच्या आंदी वेढे पुरे नाई झाले, तं उद्यापासून दुकान बंद!" तो ओरडून म्हणाला. दिवे लागल्यावर तो सुताला हात लावत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपारपर्यंत मजा चालली. मग मजा संपली. वेढे तर मूळच्या विलायती कामापेक्षा सुबक पडले होते, पण शेवटचं टोक लपेना. देवमन गाठ मारी, हे तिच्यावरून नख फिरवत आणि नख अडकलं, की म्हणत, "इथं दोरी घासून तुटेल. जुन्या कामात गाठ नव्हती."

देवमननं कापलेल्या जुन्या रेशमाचे तुकडे चाळून पाहिले. खरंच गाठ नव्हती. टोक कुठे गेलं, तेच कळत नव्हतं. पोतीतली गाठ मानेमागे नाहीतर गोंड्यात जाते, तिला कोण बघतं? तीस वर्षं त्यानं टोक लपवलं नव्हतं, झाकलं होतं. दहा वेळा वेढे घातले, दहा वेळा उसवले. चार वाजले, पाच वाजले. गल्लीतले लोक आता हसत नव्हते, नुसते बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं. त्याच्या कपाळावरचा घाम बघून मला माझाच राग आला.

"अवो," आतून जमुना म्हणाली. तिच्या हातात परकर होता आणि ती त्यात नाडी ओवत होती. "नाडी काय एकलीच आत जाते? काडी पयले जाते, मंग थे नाडीले ओढते."

"तू गप बस."

ती नाडी ओवत राहिली. देवमन त्या सरकणाऱ्या काडीकडे बघत होता. समोरच्या सोनारानं कंदिलाची काच पुसायला घेतली.

मग देवमन गादीवरून उठला. त्याच्या आज्यापासून त्या गादीवर बाई बसली नव्हती. "ये," तो म्हणाला. "दाखव."

जमुनानं शेवटचे सात वेढे उसवले. दुसऱ्या दोऱ्याचा फास काठीवर लांबीनं ठेवला, त्याच्यावरून तेच सात वेढे पुन्हा घट्ट घातले, टोक फासात अडकवलं आणि फास हलकेच मागे ओढला. टोक वेढ्यांखाली सरकलं आणि दिसेनासं झालं. हे नख फिरवत राहिले. नख कुठेच अडकलं नाही.

मग दोघं कामाला लागली. तो वेढे घाली, ती टोक नेई. शेवटची कडी झाली तेव्हा सोनारानं कंदिलासाठी काडी ओढली.

"उठा, वकीलसायेब," देवमन म्हणाला.

पण वकीलसाहेबांच्या पायांना एवढ्या मुंग्या आल्या होत्या, की त्यांना उठता येईना. तिघांनी धरून उठवलं.

पुढच्या वर्षी मी पोत गाठवायला गेले. गादीवर जमुना होती, आणि देवमन ओट्यावर, बायका बसतात तिथं, अंगठ्याला रेशीम अडकवून तिच्या बोटांकडे टक लावून बसला होता.

"तुम्ही इथं, देवमन?"

"बसा, बाई," जरा सरकून जागा देत तो म्हणाला. "शिकून राहिलो."