चार वाजता सर्व्हर चालू हवा

सर्व्हर बंद करायचा नसतो, हे कळायला मला आठ दिवस लागले. वय चाळीस, डोकं त्याहून जुनं. लॅपटॉपवर जावा हे सॉफ्टवेअर उतरवलं, सर्व्हरच्या फोल्डरमधल्या स्टार्टच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, की एक काळी खिडकी यायची आणि तिच्यात इंग्रजी ओळी धावत सुटायच्या. ओळी थांबल्या की मला वाटायचं, झालं काम. मी खिडकी बंद करायचो आणि मग ब्राउझरमध्ये काहीच का दिसत नाही म्हणून डोळे फाडून बघत बसायचो. कपाळ माझं. ती खिडकी म्हणजेच सर्व्हर होता.

महाडला ज्यांच्या क्लासला मी जायचो, ते सर शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, सर्व्हर म्हणजे एसटी डेपो आणि तुमचं ॲप्लिकेशन ही गाडी. तुम्ही डेपोलाच कुलूप लावलंत तर गाडी सुटणार कुठून?" वर्गातली विशीतली पोरं हसली. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो.

मला काही ही हौस नव्हती. पावसाळ्याच्या आधी आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मुंबईतली गोडाऊनची नोकरी सोडून मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत परत आलो. ताई म्हणत होती, आईला डोंबिवलीला आण. आईचं एकच, "मी हितनं हलनार नाय." तेव्हा मला घरबसल्या काम हवं होतं. पुण्याच्या एका ऑफिसात तसं काम निघालं. लोकांचे जावाचे सर्व्हर घरातून सांभाळायचे. त्यांनी एक छोटं ॲप्लिकेशन पाठवलं आणि सांगितलं, हे तुमच्या सर्व्हरवर चढवा, गुरुवारी चार ते पाच आम्ही मधूनमधून लिंक उघडून बघू, एकदाही बंद दिसता कामा नये. चाललं तर काम तुमचं. नाही चाललं तर मी मुंबईला आणि आई ताईच्या तिसऱ्या मजल्यावर, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं.

त्या आठवड्यात नाकी नऊ आले. एकदा सर्व्हर म्हणायचा, हे पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, आधीच कुणीतरी अडवलंय. अडवणारा मीच, आधीची खिडकी मागं तशीच चालू. मग ॲप्लिकेशनची फाइल बरोबर फोल्डरात टाकली तरी पान सापडेना, कारण फाइलचं नाव एक आणि मी पत्ता टाकत होतो भलताच. माझा लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, चार्जर काढला की बंद. तेव्हा लाइट गेली तर असावा म्हणून पोलादपूरच्या मोबाइलवाल्याकडून दोन दिवसांपुरता इन्व्हर्टर मागून आणला. घरातला लॅपटॉप पुण्याहून दिसावा यासाठी एक फुकटची सोय असते, तीही लावली. बुधवारी संध्याकाळी माझ्या फोनवर लिंक उघडली. खाटेवर पडल्या पडल्या आईला दाखवलं. तिनं पानाकडे पाहिलंच नाही. "मंग तू आता नाय ना जानार?" म्हणाली. मी नाही म्हणालो.

गुरुवारी तीन वाजल्यापासून मी लॅपटॉपवरच्या त्या काळ्या खिडकीसमोर बसून होतो. पावणेचारला आभाळ भरून आलं. आश्विनातलं ते रोजचंच. काकांनी बांधावरून हाक मारली, "ये रे, भारे भिजतील." कापलेलं भात उघड्यावर होतं. पंधरा मिनिटांचं काम, सर्व्हर काय आपला आपण चालतो, म्हणून मी पळालो. पंधराची चाळीस मिनिटं झाली, आणि ताडपत्री ओढून होते न होते तोच कडाडायला लागलं.

आमच्याकडे गडगडलं की घरातल्या सगळ्या वायरींच्या पिना उपटून काढायच्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खालच्या आळीत एका कडकडाटात टीव्ही, पंखे, मीटर सगळं जळालं होतं, तेव्हापासून तर कुणी एक मिनिटही थांबत नाही. आईला आज पिन काढू नको असं सांगायचं मला सुचलं नाही. दोघांनी धरल्याशिवाय ती उठत नव्हती, तिला काय सांगायचं?

घरात आलो तर लॅपटॉप काळा. भिंतीशी बोर्डाखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरजवळ आई जमिनीवर बसलेली, पदर सुटलेला, उजव्या हातात लॅपटॉपची पिन. साडेचार वाजले होते. माझं तोंड सुटलं. "कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? सगळं घालवलंस माझं." असं बरंच बोललो. सांगायलाही लाज वाटते.

ती अडखळत म्हणाली, "वीज मशिनीत शिरली असती, रे. त्या मशिनीवरच तर तू हितं ऱ्हानार हायस ना."

तेव्हा कुठं मी खाटेकडे पाहिलं. खाट खोलीच्या त्या टोकाला होती. मधे आठ-नऊ पावलं, ती तिनं एकटीनं कशी पार केली ते मी आजवर विचारलेलं नाही. सर्व्हर पुन्हा चालू करून पुण्याला फोन लावला. तिथल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, "आम्ही तीनदा उघडून पाहिलं. विजांचं समजू शकते मी, पण आमचे ग्राहक नाही समजणार." त्यांचं चुकलं नव्हतं. चुकलं कुणाचं, हेच मला कळेना, आणि भांडायला समोर कुणीच उरलं नाही.

आईला उचलून खाटेवर ठेवलं. "काय म्हनली ती बाई?" तिनं विचारलं. "बघतो म्हणाल्या," मी खोटं बोललो.

सकाळी चहा घेताना तिनं मला ताईला फोन लावायला सांगितलं. "माजी लुगडी पिशवीत भर," म्हणाली, "आनि तू नोकरी बघ." मी नको म्हणायला हवं होतं. मी माळ्यावरची पिशवी काढली.