फुकटच्या वस्तूवरची नावं

पडद्यावर नावं आली आणि त्यांत माझ्या सुनेचं नाव नव्हतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार, सल्लागार आणि शेवटी समस्त तरुण कार्यकर्ते. लग्नपत्रिकेत छापतात तशी ओळीनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सून माझ्या शेजारीच बसली होती. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत.

खासबागेतल्या हॉलात आमच्या भागातलं मंडळ शाळांना जुने, दुरुस्त केलेले संगणक वाटत होतं. संगणक चालू केल्यावर सगळा कारभार जी सांभाळते, ती यंत्रणा त्यांत फुकटची घातलेली. जगभरच्या माणसांनी ती करून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहे. करणाऱ्यांच्या नावांची यादी तिच्यातच असते. माझी सून उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात असते. घरी येऊन भाकऱ्या थापून झाल्या, की ती त्या यंत्रणेचं मराठी करायची. सात वर्षं केलं. तिनं 'पुनर्प्राप्त करा' लिहिलं, की मी म्हणायची, ''परत आणा' लिही की गं. कुणाच्या घरात बोलतात असं?' मी चौथी शिकलेली. मला कळलं तर सगळ्यांना कळणार.

आणि अध्यक्ष माइकवर म्हणाला, 'ही आमच्या मंडळानं बनवलेली मराठी यंत्रणा.' पाटीवर मराठी अक्षर हवं म्हणून वर्षानुवर्षं भांडणारं मंडळ हे!

मी उठले. सुनेनं पदर ओढला. 'आत्या, बसा खाली. लोक बघायलेत.'

'बघू देत. ह्यात माझ्या सुनेचं नाव होतं, ते कुठं गेलं?'

अध्यक्ष आमच्याच गल्लीतला. हसत म्हणाला, 'आक्का, फुकटची वस्तू हाय ती. कुणीबी घ्या म्हणून तुमची सूनच सांगती. मग आता नाव कसलं?'

'देवळातला पंखा फुकटच वारा देतोय न्हवं? मग त्याच्या पात्यावर बापाचं नाव कशाला रंगवलंस रं?'

मागच्या बाया हसल्या. तो जरा नरमला. 'बरं, विशेष सहकार्य म्हणून घालतो सुनेचं. झालं?'

मी हो म्हणणार होते. मला तेवढंच हवं होतं, खोटं कशाला सांगू? पण सून उभी राहिली.

'माझं एकटीचं नको. कुणीबी घ्यावं, बदलावं, नवं नावबी द्यावं. पण करणाऱ्यांची नावं पुसायची न्हाईत, एवढीच अट हाय. तुम्ही शेकडो पुसलीत. ह्या यंत्रणेचा मधला गाभा एकांनी केला, आन् जग सगळ्या यंत्रणेला त्या गाभ्याच्याच नावानं ओळखतं. त्याच्या भोवतीची हत्यारं, म्हंजे बाकीचे प्रोग्राम, ज्यांनी आधीपास्नं केली, ती माणसं कधीपास्नं सांगायलीत, आमचंबी नाव घ्या. त्यांचं डावलून मी माझं लावून घेतलं, तर तुमच्यात आन् माझ्यात फरक काय?'

'त्या परदेशातल्या माणसांना हितं कोण ओळखतंय?' उपाध्यक्ष बोलला.

'तुमच्या सहखजिनदाराला तरी कोण ओळखतंय?' मी म्हणाले.

त्यांनी माइक बंद केला. संगणक त्यांचीच नावं घेऊन शाळांना गेले.

गल्लीत मला लई शहाणी म्हणू लागले. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. थांबू देत. कारखान्याच्या सुट्टीचा वार आला, की सून पिशवी घ्यायची आणि मी चप्पल घालायची. एकेका शाळेत जाऊन, हेडमास्तरांना विचारून, तिनं पुसलेली यादी परत घातली. कुठं चहा मिळाला, कुठं 'पुढच्या आठवड्यात या' मिळालं. पुढच्या आठवड्यात गेलो. जांबोटीला बस चुकली, तर पाय भरून येईतोवर चाललो. तिथल्या मास्तरांनी विचारलं, 'एवढी नावं कोण वाचणार?' मी म्हणाले, 'न वाचेनात का. पुसायची न्हाईत.'

मंडळाची नावं काढायची का, असं सुनेनं मला विचारलं होतं. मी म्हणाले, ठेव. 'संगणक वाटणारे' असं वर लिही आणि ठेव. वाटले त्यांनीच होते.

अकरा शाळा होत्या. शेवटची गेल्या महिन्यात झाली. मंडळातलं कुणी आलं नाही. अकराही शाळांत आम्ही दोघीच गेलो, मी आणि माझी सून.